स्वर्गीय नर्तक आणि कॅम्ब्रिकची पट्टी

मी आजवर कोणत्याही पक्ष्याला काठीने मारलेले नाही.

हे वाक्य मला या वयात लेखी द्यावे लागते आहे, याचे कारण माझे स्वतःचे कुटुंब. गेल्या हिवाळ्यात भिवंडीबाहेरच्या वनउद्यानात जे घडले, ते आमच्या घरात चार प्रकारे सांगितले जाते. माझी पत्नी शकुंतला सांगते, की मी पक्ष्याच्या डोक्यात बांबू घातला. चिरंजीव महेश सांगतो, की मी पक्ष्याची घडी घालून तो पिशवीत ठेवायला निघालो होतो. नात ओवी सांगत नाही, करून दाखवते (आणि माझी भूमिका करताना चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ठेवते, ज्याची काही एक आवश्यकता नाही). चौथा प्रकार माझ्या व्याह्यांचा, म्हणजे सूनबाईंचे वडील वसंतराव यांचा. तो सर्वांत रंगतदार आहे, आणि त्याविषयी मी एवढेच म्हणेन की घटनास्थळी हजर असूनही ज्याने काहीच पाहिले नाही असा तो एकमेव मनुष्य आहे.

तेव्हा खरा वृत्तान्त मीच लिहिणे भाग आहे.

प्रथम माझ्या नजरेविषयी. धामणकर नाक्याजवळच्या एका कारखान्यात मी अर्धे आयुष्य कापड तपासले. लूमवरून उतरलेला तागा टेबलावर पसरायचा आणि त्यातले दोष काढायचे, हे माझे काम. तुटलेला धागा, जाड धागा, तेलाचा डाग, यांपैकी काहीही माझ्या नजरेतून कधी सुटले नाही. कारागीर मला पाहून लूमचा वेग कमी करीत. ‘आबांच्या टेबलावरून तागा पास झाला तर तो लग्नाच्या अंतरपाटालाही चालेल,’ असे लोक म्हणत. (शकुंतला म्हणते की असे फक्त मीच म्हणत असे. हे तिच्या स्मरणशक्तीचे उदाहरण म्हणून नोंदवून ठेवतो.)

आता वसंतराव. ते ठाण्याला राहतात. निवृत्त अभियंता आहेत, आणि निवृत्तीनंतर त्यांना पक्षी पाहण्याचा नाद लागला आहे. माणूस सज्जन आहे. फक्त बोलतात ते ठाण्यातून खाली वाकून बोलल्यासारखे. दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे आले, चकलीचे कौतुक केले, आणि मग घसा साफ करून म्हणाले, “आबासाहेब, राग मानू नका. आमच्या शेजारच्या इमारतीत एक चांगला फ्लॅट रिकामा होतोय. महेश-स्नेहलनं तिकडे यावं असं मला वाटतं. ओवीला मोकळी हवा मिळेल, झाडं दिसतील, पक्षी दिसतील.”

“पक्षी इथंही आहेत,” मी म्हणालो.

“आहेत ना. दोन. एक कावळा, एक कबूतर.”

“आणि ठाण्यात?”

“आमच्या बाल्कनीतून हळद्या दिसतो.”

“तुमच्या बाल्कनीतून समोरच्यांची बाल्कनी दिसते. मी येऊन पाहिलंय.”

सूनबाई स्नेहल चकल्यांचा डबा घेऊन आत निघून गेली. महेश जमिनीकडे पाहू लागला. तो लहानपणापासून निर्णय जमिनीवर शोधतो. वसंतरावांनी सांगितले की संक्रांतीच्या आत हो-नाही कळवायचे आहे. मला हातातल्या लाडवाची चव लागेना. ओवी गेली असती तर घरात माझ्याशी हुज्जत घालायला एकटी शकुंतला उरली असती, आणि शकुंतलेशी हुज्जत घालण्यात मौज नाही, कारण ती जिंकते.

मी म्हणालो, “भिवंडीतला पक्षी दाखवला तर?”

वसंतराव हसले. “साधा नाही हं. स्वर्गीय नर्तक दाखवा. पांढरा नर. काळं डोकं, तुरा, आणि फितीसारखी ही लांब पांढरी शेपटी. मादी पाहिली, तांबूस पिल्लं पाहिली, पण तो पांढरा राजा मला आयुष्यात एकदाही दिसलेला नाही. तो भिवंडीत दाखवलात, तर फ्लॅटचा विषय मी पुन्हा तोंडातून काढणार नाही.”

“महेश, ऐकलंस?” मी म्हणालो. महेशने जमिनीला मान डोलावून होकार दिला.

दुसऱ्या दिवसापासून मी वनउद्यानात जाऊ लागलो. वाडा रस्त्याने अंबाडीकडे निघाले की रस्त्याला लागूनच ते आहे. साग, ऐन, करंज, मध्ये बांबूचे बेट आणि एका लहान बंधाऱ्याचे पाणी. हिवाळ्यात सकाळी तिथे एवढे धुके असते, की रस्त्यावरच्या ट्रकांचे नुसते हॉर्न ऐकू येतात, ट्रक दिसत नाहीत. डॉक्टर मला कितीतरी वर्षे चालायला सांगत होते आणि मी त्यांचे ऐकत नव्हतो; फ्लॅटने मला चालायला लावले. रोज सकाळी झाडांकडे पाहत फिरायचे आणि मान आखडून घरी यायचे. एके दिवशी एका उंच ऐनाच्या शेंड्याकडे पाहिले, आणि माझे पाय जागीच थांबले. पांढरे अंग. त्याखाली लांब, नाजूक, झुळझुळणारी शेपटी. हलत होती, थांबत होती, पुन्हा हलत होती.

(चष्मा माझ्या डोळ्यांवर नव्हता, हा मुद्दा विरोधी पक्ष नेहमी उपस्थित करतो. तो खिशात होता. खिसा माझ्याच सदऱ्याला होता.)

मी तिथूनच फोन लावला.

“वसंतराव, तुमचा नर्तक आमच्याकडे नाचतोय.”

“काय सांगता! शेपटी केवढी?”

“हातभर. मापात माझी चूक होत नाही.”

“डोकं काळं होतं का?”

“डोकं धुक्यात होतं.”

पलीकडे कॅलेंडर फडफडले. मग ते म्हणाले, “रविवारी येतो.”

रविवारी ते आले, पण कशेळीच्या पुलावर कंटेनरच्या रांगेत अडकल्यामुळे पहाटेचा मुहूर्त टळला. आल्या आल्या त्यांनी आमची पाहणी केली. त्यांच्या अंगात मातकट रंगाचे जाकीट होते आणि त्याला इतके खिसे होते, की दुर्बीण शोधायला त्यांना दोन्ही हात लागले. शकुंतला पोपटी साडी नेसून तयार होती.

“वहिनी, जंगलात भडक रंग चालत नाहीत. पक्षी घाबरतात.”

“पोपट घाबरंल व्हय पोपटीला?” शकुंतला म्हणाली. ती अंबाडीकडची आहे. तिकडच्या माणसाला जंगलात कसे जावे हे ठाण्याहून येऊन सांगण्यात अर्थ नसतो.

“आणि त्या पिशवीत काय आहे?”

“तांदळाच्या भाकऱ्या हायत, न् सुकटीची चटणी.”

“वास येईल हो.”

“म्हंजे? वास यावा म्हनून तर केली.”

उद्यानाच्या फाटकातून आत शिरताच वसंतरावांनी तोंडावर बोट ठेवून सर्वांना मौनाची आज्ञा केली. इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्याचे आयुष्य लूमच्या खडखडाटात गेले, त्याचे कुजबुजणे हे इतर माणसांच्या कुजबुजण्यासारखे नसते. मी अत्यंत हळू आवाजात “या बाजूने या,” एवढेच म्हणालो, तर बंधाऱ्यावरचे सगळे बगळे उठून गेले.

“आबा, हळू,” महेश म्हणाला.

“हळूच बोललो.”

यावर बंधाऱ्यात एकच उरलेली पाणकोंबडी होती, तीही गेली.

तरीही माझ्या मनात शंका नव्हती. मी सर्वांना त्या ऐनाखाली आणून उभे केले आणि वर बोट दाखवले. आणि तो होता! त्याच फांदीवर, तसाच, शेपटी हलवत. वसंतरावांनी घाईघाईने दुर्बीण डोळ्यांना लावली. मी महेशकडे पाहिले, महेशने जमिनीकडे पाहिले. मनातल्या मनात मी तो फ्लॅट दुसऱ्या कुणाला तरी देऊनही टाकला.

वसंतराव बराच वेळ पाहत राहिले. मग दुर्बीण न काढता अतिशय मृदू स्वरात म्हणाले, “आबासाहेब, या पक्ष्याला गाठ मारलेली आहे.”

“गाठ?”

“मधोमध.”

ओवीने दुर्बीण घेतली. “आबा, त्याला डोकंच नाहीये.”

“झोपलाय तो,” मी म्हणालो. “झोपताना पक्षी डोकं पंखात घालतात. शाळेत शिकवत नाहीत का हे?”

“त्याला पंख पण नाहीयेत.”

मी दुर्बीण हिसकावून घेतली, चष्मा लावला आणि पाहिले. आणि इथे माझ्या व्यवसायाने माझा घात केला. एखादा लबाड माणूस असता तर म्हणाला असता, ‘अरेरे, उडून गेला वाटतं.’ पण समोर कापड दिसल्यावर खोटे बोलणे मला आयुष्यात जमलेले नाही. माझ्या तोंडून आपोआप निघाले, “कॅम्ब्रिक. तलम सुती कापड, कडेची कातरलेली पट्टी आहे. आणि ताण्यातला एक उभा धागा तुटलेला आहे.”

त्याचे स्पष्टीकरण अगदी साधे होते. चिंध्यांचे ट्रक त्या रस्त्याने जातात. ताडपत्री सैल असली की पट्ट्या उडतात आणि झाडांना अडकतात. पण स्पष्टीकरण ऐकायला कोणी उभेच नव्हते. शकुंतला हसता हसता खाली बसली होती. महेश बांबूच्या बेटामागे गेला होता आणि बेट हलत होते.

वसंतराव मात्र हसले नाहीत, आणि तेच मला जास्त लागले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “होतं असं. नवीन माणसाचं होतं.” आणि चार पावले चालून गेल्यावर, जणू सहज आठवल्यासारखे, “महेश, सामान हलवायला टेम्पो बघू नकोस हं. आमच्या ओळखीचा एक आहे.”

बाकी मंडळी बंधाऱ्याच्या काठावर पिशवीतल्या भाकऱ्या काढून बसली. मी भाकरीला हात लावला नाही. मी ठरवले, की ज्या पट्ट्यांनी एका सज्जन माणसाची दिशाभूल केली त्या एकूण एक उतरवून टाकायच्या. (शकुंतला म्हणते मी रुसून गेलो. सार्वजनिक कार्याला आमच्या घरात रुसणे म्हणतात.) फाटकाजवळच्या चौकीदाराकडे चिंचा पाडायची आकडी होती, लांब बांबूच्या टोकाला लोखंडी हूक. ती मी मागून घेतली.

“चाचा, करोगे क्या इसका?” त्याने विचारले.

“सफाई.”

“सुबह से कोई चिडिया दिखी क्या?”

“अपना काम करो,” मी म्हणालो.

एकेक पट्टी आकडीने ओढून मी गळ्यात टाकत गेलो. काही छातीवर लोंबत होत्या, काही पाठीवर. काम छान चालले होते, मनही जागेवर येऊ लागले होते, एवढ्यात मला बंधाऱ्याच्या पलीकडच्या काठावर, पाण्यावर झुकलेल्या करंजाच्या खालच्या फांदीवर आणखी एक पट्टी दिसली. लांब, अरुंद, पांढरी स्वच्छ.

त्याच वेळी अलीकडच्या काठावर वसंतराव अर्धवट उठले होते. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात दुर्बीण.

“आबासाहेब,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “हलू नका. करंजावर काहीतरी आहे.”

मी पाहिले. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता, हे कृपया लक्षात घ्यावे.

“कॅम्ब्रिक आहे,” मी म्हणालो.

“हलतंय हो.”

“वाऱ्यानं.”

“वारा नाहीये.”

“वसंतराव, कॅम्ब्रिकला वारा लागत नाही. त्याच्या अंगातच झुळूक असते. ती लोंबण्याची ढब बघा. अर्धं आयुष्य मी हेच पाहत आलोय. मघाशी गाठ तुम्हाला दिसली; पण तुटलेला धागा कुणाला दिसला?”

हा बिनतोड युक्तिवाद होता. वसंतराव घुटमळले. शकुंतलेने त्यांच्या भाकरीवर आणखी चटणी वाढली. “खावा गुमान, व्याहीबुवा. पक्ष्यातलं त्यांना काय कळत न्हाय, पन कापडातलं कळतं. त्ये बोलले कापूड तर कापूडच.”

सहजीवनाच्या इतक्या वर्षांत माझ्या पत्नीने चारचौघांत माझ्या ज्ञानाची कबुली दिल्याचा हा एकच प्रसंग, आणि तोही नेमका त्या घटकेला. वसंतरावांनी दुर्बीण खाली ठेवली, पाण्याकडे पाठ केली आणि भाकरीचा मोठा घास तोंडात घातला.

मी वळसा घालून करंजाखाली गेलो. ओवी महेशचा फोन घेऊन माझा फोटो काढत होती, कारण गळ्यातल्या पट्ट्यांमुळे मी फार छान दिसतो असे तिचे म्हणणे होते. मी आकडी उचलली. हूक फांदीला अडकवला. हलकेच ओढला.

कापडाने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

काळेभोर, चमकदार डोके. त्यावर तुरा. डोळ्याभोवती निळसर कडे. त्या पक्ष्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी ओळखली. ती माझीच होती. खराब निघालेला तागा बाजूला ठेवताना मी कारागिराकडे अशीच टाकत असे.

मग तो उडाला. पाण्यावरून एक पांढरी फीत कुणी सोडून द्यावी तसा, शेपटीच्या लाटा करीत, थेट वसंतरावांच्या टोपीवरून पलीकडच्या सागांत गेला. शकुंतलेने पाहिला. महेशने पाहिला. स्नेहलने तोंडावर हात ठेवून पाहिला. ओवीने फोनमधून पाहिला. फाटकावरून आकडी परत न्यायला आलेल्या चौकीदारानेसुद्धा पाहिला.

वसंतरावांच्या तोंडात घास होता आणि नजर भाकरीवर. तो गिळून, पाण्याचा घोट घेऊन त्यांनी मान वर केली, तेव्हा समोरच्या सागाची एक फांदी हलायची थांबत होती.

“काय झालं? काय उडालं?”

सगळ्यांनी महेशकडे पाहिले, महेशने जमिनीकडे. शेवटी ओवी म्हणाली, “ठाण्याचे आजोबा, तुमचा नर्तक. तुमच्या टोपीवरून गेला.”

वसंतराव उभे राहिले, पुन्हा बसले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी अजून आकडी धरून उभा होतो.

“कॅम्ब्रिक,” ते म्हणाले. एवढेच म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी त्यांना कायदेशीर बाजू समजावून सांगितली. “तुमची अट होती, ‘भिवंडीत दाखवा’. मी दाखवला. दाखवणं माझं काम, पाहणं तुमचं. तुम्ही त्या वेळी जेवत होतात, यात भिवंडीचा काय दोष?”

“तुम्ही मला कापड दाखवलंत, आबासाहेब. पक्षी तुम्ही घालवलात.”

“साक्षीदार आहेत.”

“ते सगळे तुमच्या घरचे.”

“स्नेहल तुमची मुलगी आहे.”

स्नेहल म्हणाली, “बाबा, खरंच होता हो. इतका सुंदर होता.” वसंतरावांचा चेहरा असा झाला, की मला त्यांची दया आली. मी तसे बोलूनही दाखवले, पण त्याने त्यांना बरे वाटल्याचे दिसले नाही.

मग फोटो निघाला. ओवीने बरोबर त्या क्षणी बोट दाबले होते. फोटोच्या कोपऱ्यात एक पांढरी अस्पष्ट रेघ होती आणि मधोमध मी होतो. वसंतरावांनी ती रेघ दोन बोटांनी मोठी केली, आणखी मोठी केली, बराच वेळ निरखली, आणि माझ्याच स्वरात निकाल दिला, “वाऱ्यानं उडालेली पट्टी आहे. ढब बघा.”

महेशने त्या दिवशी प्रथमच जमिनीवरून मान वर केली. तो म्हणाला, “बाबा, आबा, तुमच्या दोघांचं मिटत नाही तोवर मी कुठेच हलत नाही.” त्याच्या आयुष्यातला हा पहिला ठाम निर्णय, आणि तो मला अतिशय आवडला.

तेव्हापासून व्यवस्था अशी आहे. पांढरा नर स्वतःच्या डोळ्यांनी पाहीपर्यंत वसंतराव फ्लॅटचे नाव काढणार नाहीत, आणि पाहिल्यावर अटीप्रमाणे काढता येणारच नाही. फ्लॅट केव्हाच दुसऱ्या कुणी घेतला. यंदा थंडी पडल्यापासून वसंतराव दर शनिवारी संध्याकाळीच आमच्याकडे मुक्कामाला येतात (कशेळीच्या पुलाचा त्यांनी धसका घेतला आहे) आणि रविवारी उजाडताच आम्ही सगळे वनउद्यानात जातो. त्यांनी हल्ली पोपटी साडीविषयी बोलणे सोडले आहे आणि सुकटीची चटणी ते स्वतः मागून घेतात. मला मौन पाळण्याची सक्ती असते. नर्तक अजून त्यांना दिसलेला नाही. शकुंतला म्हणते, तो दिसला तर व्याही यायचे थांबतील अशी मला धास्ती आहे, म्हणूनच मी ऐन वेळी खोकतो. हे सपशेल खोटे आहे. थंडीत खोकला येतोच.

तो फोटो मात्र वसंतरावांनी मोठा करून, चौकटीत बसवून आमच्याच दिवाणखान्यात लावला आहे. त्यात माझ्या गळ्यातून लांब पांढऱ्या पट्ट्या लोंबताहेत आणि हातात आकडी उगारलेली आहे. उगारलेली दिसते, वास्तविक तेव्हा मी ती खाली घेत होतो. परवा एका पाहुण्याने चौकटीजवळ जाऊन विचारले, “यात तो दुर्मीळ पक्षी कुठला?” मी कोपऱ्यातली रेघ दाखवायला उठेपर्यंत वसंतरावांनी मधोमध बोट ठेवले होते, आणि सगळे घर त्यांच्या बाजूने झाले.

माझी याला ठाम हरकत आहे. स्वर्गीय नर्तकाच्या डोक्यावर तुरा असतो. माझ्या डोक्यावर गेली कित्येक वर्षे काहीच नाही.